पहिला अंक निघता कामा नये

३ फेब्रुवारी

साडूराजे,

आमचा राजीनामा तुझ्या ऑफिसात पोचायच्या आधी हे पत्र तुझ्या हातात पडावं म्हणून घाईनं लिहितोय. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर आपण दोघं तिसऱ्या वाक्याला भांडतो आणि मग आपल्या बायका सख्ख्या बहिणी असून महिनाभर एकमेकींशी बोलत नाहीत. पत्रात निदान खोडता येतं.

काल अस्थिरोग त्रैमासिकाच्या संपादक मंडळातल्या अकराही जणांनी राजीनामा दिला. बावीस वर्षं मी ते संपादित केलं. लेख लिहिणारे डॉक्टर फुकट लिहितात, तपासणारे फुकट तपासतात, मी फुकट दुरुस्त करतो आणि तुमची कंपनी तेच छापून आमच्याच कॉलेजला विकते. इतकी वर्षं त्याचंही काही वाटलं नाही. पण हाडांवरची नियतकालिकं तीन होती. उरलेली दोन्ही कंपनीनं विकत घेतली, त्यातलं एक बंद करून टाकलं, आणि आता आपल्याशिवाय कुणी उरलंच नाही म्हटल्यावर वर्गणी तिप्पट केली. वर ते एकटं मिळत नाही. कंपनीची चाळीस नियतकालिकं एकगठ्ठा घ्यायची, नाहीतर एकही नाही. आमच्या लायब्ररीत आता मासेमारीवरची चार येतात, कुणी उघडत नाही, आणि लहान मुलांच्या कॅन्सरवरचं एक आम्हाला पैसे पुरेनात म्हणून बंद करावं लागलं. कोणत्या कॉलेजला काय दर लावलाय हे दुसऱ्याला सांगायचं नाही, असंही कलम करारात आहे. दरवाढीच्या पत्राखाली सही तुझी आहे.

आम्ही नवं त्रैमासिक काढतोय. स्वस्त, आणि सुटं. हे तुला माझ्याकडूनच कळावं, एवढ्यासाठी लिहिलं.

धाकटीला आशीर्वाद.

तुझा थोरला साडू


११ फेब्रुवारी

डॉक्टरसाहेब,

पत्र मिळालं. तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना तुमची मेहुणी मागे उभी होती, तेव्हा आता घरातही मला सुटका नाही. ती म्हणते, भावजींनी बरोबर केलं. माझ्या पगारावर संसार चालतो हे तिला आठवण करून दिलं तर म्हणाली, ते वेगळं.

खरं सांगू का, सही माझी असते पण दर वरून येतात. मी विक्रीचा माणूस. उद्या मोठे साहेब म्हणाले की गठ्ठा चाळीसचा नको साठचा करा, तर मी साठचा करीन. तुम्ही हाडं जोडता, मी गठ्ठे बांधतो, असं माझं चाललेलं असतं.

पण एक गंभीरपणे सांगतो. या भागातल्या सगळ्या लायब्ऱ्यांना अंक पोचवायचं काम आमच्या एजंटकडे आहे. तो माणूस बरा नाही. बोलायला गोड आहे, पण लोक त्याला नाही म्हणत नाहीत, आणि का म्हणत नाहीत हे मी कधी विचारलं नाही. तुमचा अंक त्याच्या वाटेत येणार. जरा सांभाळून.

आणि छापताय कुठं? सगळे मोठे छापखाने तर आमच्या कामावर जगतात. मला कुतूहल आहे म्हणून विचारतो, सांगितलंत तरी माझ्यापाशीच राहील.

ताईंना नमस्कार.

तुमचा


२० फेब्रुवारी

साडूराजे,

विचारलंस म्हणून सांगतो, आणि जरा तोऱ्यात सांगतो. टायरच्या दुकानामागे एक दोन खोल्यांचा छापखाना आहे. मालक, कामगार आणि हमाल एकच, आमचे जुळारीकाका. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायला शिकलेला माणूस. खिळे गेले, कॉम्प्युटर आला, तरी नाव जुळारीच राहिलं. सत्तरी उलटली आहे. कळफलकावर त्यांची बोटं चालताना पाहिलीस तर पेटीवादक वाटेल. माझ्या लेखातल्या चुका ते मला न विचारता दुरुस्त करतात आणि त्यांचं बरोबर असतं.

पहिला अंक दहा मार्चला. तीस लायब्ऱ्यांना पत्रं पाठवली. सहा जणांनी हो म्हटलं, तेही दबक्या आवाजात. एका ग्रंथपालबाईंनी सांगितलं की एजंटनं त्यांना बजावलंय, हा अंक मांडणीवर दिसला तर बाकीचा एकही अंक तुमच्याकडे पोचणार नाही.

म्हणून स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. बाजार एकट्यानं किंवा टोळी करून गिळणाऱ्यांना आवरायला सरकारनं जे कार्यालय उघडलंय, तिथे. चौकशी अधिकारी तरुण बाई आहे. तिनं दोन तास ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, या कंपनीखेरीज बाकीच्या दोन मोठ्या कंपन्या हाडांच्या विषयात का येत नाहीत? मला हे कधी सुचलंच नव्हतं. तुला माहीत आहे का?

थोरला साडू


१४ मार्च

पत्ता तुला एकट्यालाच सांगितला होता.

दहा तारखेला दुपारी तीन वाजता चार माणसं छापखान्यात शिरली. काका अंक शिवत बसले होते. त्या चौघांनी आधी शटर ओढलं. मग छापलेले गठ्ठे ओढून त्यावर शाई आणि रॉकेल ओतलं. कॉम्प्युटर भिंतीवर आपटला. काका मध्ये पडले नाहीत, ते एका कोपऱ्यात उभे राहिले आणि म्हणाले, घ्या, मोडा, मी उद्या पुन्हा छापीन.

हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं.

कागद कापायचं मशीन असतं ना, त्यात पात्यापुढे एक लोखंडी पट्टी असते. वरचं चाक फिरवलं की ती खाली येऊन कागद दाबून धरते. दोघांनी काकांचे हात त्या पट्टीखाली सपाट धरले आणि तिसऱ्यानं चाक फिरवलं. सावकाश. काका सांगतात, प्रत्येक वेढ्याला तो थांबायचा आणि विचारायचा, उद्या छापणार? पहिल्या दोन वेळेला ते हो म्हणाले. नंतर त्यांना बोलता येत नव्हतं. चौथा नुसता दाराशी उभा होता, सिगरेट ओढत.

दोन अंगठे आणि डावी करंगळी पट्टीबाहेर राहिली. बाकी सात बोटं. मोडली म्हणणं बरोबर नाही, चुरा झाला. मी सहा तास उभं राहून तारा घातल्या. पस्तीस वर्षांत मी यंत्रात सापडलेले हात खूप पाहिलेत. यंत्र निर्दय असतं पण ते एकदाच चावतं. हे हात थांबत थांबत चिरडले होते, आणि प्रत्येक थांबा मला हाडात दिसत होता.

उजवीकडची दोन काढावी लागतील असं वाटतंय.

आता तू सांग.


१९ मार्च

डॉक्टरसाहेब,

तुमचं पत्र मिळालं. तुमच्या मेहुणीला वाचून दाखवायला घेतलं आणि अर्ध्यावर थांबलो. ती जेवली नाही.

माझ्यावर तुम्ही असा संशय घ्यावा याचं वाईट वाटलं. एकवीस वर्षं आपण एका घरचे जावई आहोत. मी गठ्ठे विकतो, माणसं मोडत नाही. आमची कंपनी म्हणजे कोट घालून चुकीचं बोलणारी माणसं आहेत, बस. मी त्याच दिवशी एजंटला फोन केला. त्यानं मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. म्हणाला, त्या गल्लीत जागेचं जुनं भांडण आहे, टायरवाल्याला ती खोली हवी आहे. हे खरंही असू शकतं ना? पोलिसांनी टायरवाल्याला विचारलं का?

पत्ता मी कुणालाही सांगितला नाही.

काकांना इकडच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवायचं असेल तर सगळी व्यवस्था माझ्याकडे. एवढं तरी करू द्या.

तुमचा


२ एप्रिल

काका इथंच बरे आहेत. दोन बोटं परवा काढली.

अंक निघाला. आमच्या विद्यार्थ्यांनी कॉलेजच्या झेरॉक्स मशीनवर काढला, ओळी वाकड्या आहेत, पण निघाला. सहा लायब्ऱ्यांना मी स्वतः नेऊन दिला. तीन दिवसांनी, ज्या ग्रंथपालबाईंनी मला एजंटच्या धमकीचं सांगितलं होतं, त्यांना भर सकाळी त्यांच्याच लायब्ररीच्या जिन्यावरून कुणीतरी ढकललं. गळपट्टीचं हाड आणि तीन दात. ढकलणारा माणूस ओरडला नाही की पळाला नाही, वर गेला, मांडणीवरून आमचा अंक घेतला आणि बाईंना ओलांडून निघून गेला. वाचत बसलेल्या पोरांना वाटलं, कुणी चक्कर येऊन पडलंय.

गुरुवारी एजंट स्वतः माझ्या दवाखान्यात आला. जेवणाची वेळ होती, कुणी नव्हतं. पेशंटच्या स्टुलावर बसला. आयोगापुढची तक्रार मागे घ्या म्हणाला. मी त्याला समजावलं आणि तो गेला.

सुनावणी सहा मेला आहे. मी साक्ष देणार.


९ एप्रिल

डॉक्टरसाहेब,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं.

सत्तावीस फेब्रुवारीला आमच्याकडे मीटिंग होती. तिन्ही कंपन्यांची माणसं होती, आमची आणि त्या दोघांची. अशी मीटिंग वर्षातून दोनदा होते. बाहेर आम्ही एकमेकांचे गळे धरतो आणि आत एका टेबलाशी बसून विषय वाटून घेतो. हाडं, हृदय, कान-नाक-घसा आमचे. शेती आणि कायदा एकाचे. इंजिनिअरिंग तिसऱ्याचं. एकानं दुसऱ्याच्या विषयात पाय टाकायचा नाही आणि दर तिघांनी मिळून वाढवायचे. तुमच्या अधिकारी बाईनं बरोबर जागी बोट ठेवलंय. चहा झाल्यावर मोठे साहेब म्हणाले, ते हाडवाल्यांचं काय झालं, छापतायत कुठं? कुणालाच माहीत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला त्या क्षणी, खरं सांगतो, बरं वाटलं, की मला काहीतरी माहीत आहे जे यांना नाही. मी पत्ता सांगितला. टायरचं दुकानसुद्धा सांगितलं. साहेब म्हणाले, पहिला अंक निघता कामा नये. एजंट शेवटच्या खुर्चीवर होता, तो म्हणाला, नाही निघणार. मग सगळे जेवायला गेलो.

मी वहीत सगळं उतरवून घेतो, ती माझी सवय आहे. ते वाक्यही वहीत आहे.

एजंट हॉस्पिटलात आहे. उजवं कोपर पार गेलंय. मोटारसायकलवरून पडलो म्हणून सगळ्यांना सांगतो. ऑफिसतर्फे फुलं घेऊन मी गेलो होतो. बाकीचे बाहेर गेल्यावर त्यानं मला जवळ बोलावलं. आधी काकांच्या बोटांचं सांगितलं, हसत. दाराशी सिगरेट ओढत तोच उभा होता. मग म्हणाला, तुमच्या साडूनं माझा हात मोडला, आणि लगेच तिथल्या तिथं नीट बांधूनही दिला. असला माणूस मी आयुष्यात पाहिला नाही.

काय झालं होतं डॉक्टर?


१५ एप्रिल

साडूराजे,

तू खरं लिहिलंस तर मलाही लिहायला हवं.

तो स्टुलावर बसला होता. समोर टेबलावर आमचा अंक होता. सुरुवातीला गोड बोलला. मी नाही म्हटलं. तेव्हा म्हणाला, "काकांची सात झाली. माणसाला दहा असतात ना डॉक्टर?" आणि अंक उचलायला त्यानं टेबलावरून हात पुढे केला.

मी त्याचं मनगट धरलं. आम्ही रोज शेकडो मनगटं धरतो, त्याला वाटलं असेल नाडी बघतोय. मी हात पूर्ण लांब केला, तळवा वर वळवला, कोपर टेबलाच्या कडेवर आणलं आणि वरून सगळा भार टाकला. मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे, तो माझ्या दुप्पट ताकदीचा. पण सांधा कोणत्या दिशेला जात नाही हे मला माहीत आहे आणि त्याला नव्हतं. सांधा निसटला. तो खाली आला, ओरडायलाही त्याला श्वास पुरेना. इथे थांबलो असतो तर म्हणता आलं असतं की रागाच्या भरात झालं. मी थांबलो नाही. टेबलावर प्लास्टरची लोखंडी कात्री होती, हातभर लांब. तिच्या मुठीनं कोपराच्या टोकावर मारलं, थांबत थांबत. तीनदा. तिसऱ्यांदा तुकडे सुटल्याचं मुठीला कळलं, आणि मी तुला काय सांगू, मला आनंद झाला. इतका निखळ आनंद मला कुठलं ऑपरेशन यशस्वी झाल्यावरही झालेला नाही.

मग तो लहान मुलासारखा हुंदके द्यायला लागला आणि माझे हात आपोआप कामाला लागले. सांधा जागेवर बसवला, पट्टी बांधली, हात झोळीत घातला, बोटांना रक्त पोचतंय का ते पाहिलं. दार उघडून दिलं. त्याला म्हणालो, सहा आठवडे हलवू नकोस.

बायकोला सांगितलेलं नाही. कुणालाच नाही.

आता नीट ऐक. एजंट बोलणार नाही, त्याची लाज जाईल. पण आयोगापुढे हे आलं तर कंपनीचा वकील माझी साक्ष फाडून टाकेल. म्हणेल, हाच गुंड आहे. म्हणून मी असं म्हणतो की कोपराचं तू विसर. पत्त्याचं मी विसरतो, काकांना कधी कळणार नाही. तुझी वही तू जाळ किंवा ठेव. माझ्याकडचे कागद पुरेसे आहेत. तुझी नोकरी राहील, माझी साक्ष राहील. दोघांचं भलं.

तुझा साडू


२३ एप्रिल

डॉक्टरसाहेब,

तुमचं पत्र वाचून पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. दोन दिवस मी मजेत होतो. मग वही काढली आणि सत्तावीस फेब्रुवारीचं पान पुन्हा वाचलं. दोघांचं भलं, हे शब्द तिथेही आहेत. साहेबांनी त्या दोन कंपन्यांच्या माणसांना हेच म्हटलं होतं, फक्त दोघांच्या जागी तिघांचं. तुमचा विषय तुम्ही सांभाळा, आमचा आम्ही, आणि कुणी तोंड उघडायचं नाही. आपणही तेच करायला बसलोय.

मी नाही करणार. रागावू नका. माणूस एकवीस वर्षं गठ्ठे बांधतो आणि एकदाच काय बांधतोय ते बघतो, तसं झालंय.

वही मी अधिकारी बाईंना तीन दिवसांपूर्वी पाठवली. सहा तारखेला मी साक्षीला येतोय. तुमच्या कोपराबद्दल मी काही बोलणार नाही, कारण ते सांगायचं काम माझं नाही, तुमचं आहे.

ऑफिसात कळलंय. कसं कळलं देव जाणे. परवा माझ्या गाडीच्या सीटवर कुणीतरी एक जाड अंक ठेवला होता, आमचाच, त्याच्या मधोमध सुरा आरपार घातलेला. काल दुपारी तुमची मेहुणी बाजारातून येत होती, एका माणसानं तिची वेणी धरून तिचं तोंड दुकानाच्या शटरवर आपटलं आणि कानात माझं नाव सांगितलं. नाकाचं हाड सरकलंय. ती रडली नाही. म्हणाली, आता तर जाच.

तिला आणि मुलांना उद्या तुमच्याकडे पाठवतोय. तिच्या नाकाकडे तेवढं बघा.

तुमचा


१४ मे

राजे,

हे पत्र पोलीस कोठडीतून लिहितोय. तुला नळ्या लावल्यात, बोलता येत नाही, आणि मला तुझ्यापर्यंत येऊ देणार नाहीत, म्हणून पुन्हा पत्रच. धाकटी वाचून दाखवेल.

तू किती चांगलं बोललास हे तुला कुणी सांगितलं का? चार तास. वकिलानं विचारलं, तुम्ही हे आज का सांगता, तेव्हा तू म्हणालास, "कारण त्या दिवशी मी सांगितलं होतं ते ऐकून एका म्हाताऱ्याची बोटं गेली." तुझे साहेब खाली बघत होते.

बाहेरच्या पायऱ्यांवर मी तुझ्या मागे चार पावलं होतो. दोघं समोरून आले, एकानं तुला मिठी मारल्यासारखं धरलं. मला वाटलं, ओळखीचा आहे. तू पायरीवर बसलास तेव्हा सदरा लाल झालेला दिसला. तीन वार, एक यकृतात. मी अंगावरचा कोट काढून तुझ्या पोटात कोंबला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. तुझं रक्त माझ्या कोपरापर्यंत आलं होतं. तू सारखं म्हणत होतास, मुलं जेवली का.

ऑपरेशन चाललं होतं तेव्हा मी बाहेर बाकावर बसलो. घाबरायला हवं होतं. मी घाबरलो नव्हतो. मी ठरवत होतो. एजंट कुठे राहतो, त्याचा डावा हात शाबूत आहे, गुडघे दोन्ही शाबूत आहेत, कुठून सुरुवात करायची. अगदी शांतपणे, ऑपरेशनची तयारी करावी तसं. धाकटी शेजारी येऊन बसली, नाकावर मीच लावलेली पट्टी. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "भावजी, तुम्ही हसताय का?"

मी हसत होतो, राजे.

तिथून उठलो आणि समोरच्या पोलीस चौकीत गेलो. सगळं लिहून दिलं. टेबलाची कडा, कात्री, तीन वेळा मारल्याचं, सगळं. लिहून घेणाऱ्या हवालदारानं विचारलं, फिर्यादी कुठाय? म्हटलं, तो येणार नाही, तुम्ही लिहा. आयोगाला कळवायलाही सांगितलं. माझी साक्ष आता कदाचित फुकट जाईल. तुझी जाणार नाही.

लवकर बरा हो.


२९ ऑगस्ट

डॉक्टरसाहेब,

स्वतःच्या हातानं लिहिलेलं हे पहिलं पत्र. पाच ओळींनंतर दम लागतो, म्हणून दोन दिवसांत पुरं करतोय. तुम्ही जामिनावर घरी आलात हे तुमच्या मेहुणीकडून कळलं.

आयोगाचा निकाल सोमवारी आला. कंपनीच्या वकिलानं तुमच्या जबाबाचा पुरेपूर फायदा उठवला. म्हणाला, हे त्रैमासिक गुंडगिरीवर उभं आहे. आयोगानं तुमची साक्ष बाजूला ठेवली. निकाल वहीवर दिला. गठ्ठ्याची सक्ती बंद, दर लपवायचं कलम रद्द. विकत घेतलेली हाडांची दोन्ही नियतकालिकं, बंद पाडलेलं धरून, कंपनीनं विकून टाकायची. तिन्ही कंपन्यांना जबर दंड. ते अपिलात जातील, पण लायब्ऱ्यांनी आत्ताच एकमेकींना दर कळवायला सुरुवात केलीय. ग्रंथपालबाईंचा मला फोन आला होता, नवे दात अजून नीट बसले नाहीत, बोलणं जरा शिटीसारखं येतं, पण दहा मिनिटं बोलत होत्या.

एजंट आणि त्याची चार माणसं आत आहेत. मोठे साहेब आजारपणाच्या रजेवर, म्हणजे बाहेर. माझी नोकरी गेली हे सांगायला नकोच.

तुमच्या खटल्याची तारीख अठरा सप्टेंबर, असं ताई म्हणाल्या. वकील म्हणतो, तुम्ही गुन्हा कबूल केलाय, दीड-दोन वर्षं होतील आणि डॉक्टरकीचा परवाना जाईल. दुसरा अंक बाकीचे दहा संपादक काढतायत आणि काकांनी पुन्हा छापखाना उघडलाय, उरलेल्या बोटांनी.

एक विचारतो. काकांना एजंटच्या कोपराचं सांगितलंत का? पत्ता मी फोडला हे मी त्यांना गेल्या महिन्यात, तुमच्या मेहुणीच्या आधारानं जाऊन, सांगून आलो. त्यांनी चहा टाकला. कोर्टातून कळण्यापेक्षा तुमचंही तुमच्याकडून कळू द्या.

तुमचा साडू


७ सप्टेंबर

राजे,

आज सकाळी गेलो होतो.

भिंतींवर अजून शाईचे डाग आहेत. नवं मशीन कुणीतरी दिलंय. काका दुसऱ्या अंकाची मुद्रितं तपासत होते, पेन अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात अडकवून. मला बघून आनंदले. माझ्या लेखात चार चुका सापडल्याचं सांगितलं.

मी त्यांना सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, आनंद झाल्याचंही सांगितलं. सांगताना, खरं बोलायचं तर, मला वाटत होतं की निदान या एका माणसाला बरं वाटेल. त्यांच्या बोटांसाठी कुणीतरी काहीतरी केलं, असं.

ते ऐकत राहिले. शेवटी विचारलं, "थांबत थांबत मारलंत?"

मी हो म्हणालो.

"मधे तो काही बोलला का?"

म्हटलं, त्याला बोलता येत नव्हतं.

त्यावर त्यांनी मान हलवली आणि पेन खाली ठेवलं. मग डॉक्टरची सवय, म्हणालो, बघू काका, बोटं वळतायत का, आणि तपासायला हात पुढे केला.

त्यांनी दोन्ही हात टेबलाखाली घेतले.